कारखान्याने माणसं कमी केली, त्यात गिऱ्हाइकाचा किती वाटा?

मंडपवाला_एरंडोल

जळगाव एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक चटईच्या कारखान्याने या हंगामात निम्मे लूम, म्हणजे विणायची यंत्रं, बंद केले आणि माणसं घरी बसवली. नाव टाकत नाही. असे कारखाने तिथे पुष्कळ आहेत, आणि ज्यांना ओळखू येईल त्यांनीही टाकू नये. घरी बसलेल्यांत आमच्या गल्लीतला एक जण आहे. नऊ वर्षं तिथे होता, आधी शिलाईवर, मग लूमवर. सकाळच्या पाळीसाठी हायवेवर उभं राहून मिळेल त्या गाडीने जळगाव गाठायचा.

माझा मंडपाचा धंदा, वडिलांपासूनचा. त्या कारखान्याचा माल आम्ही वर्षानुवर्षं घेतला. दोन-तीन हंगाम झाले, घेत नाही. परवा त्याची बायको आमच्या घरी आली होती. बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लोकांनीच माल उचलणं सोडलं, मग मालक तरी काय करेल?" रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती सहज बोलून गेली.

आता माझी बाजू ऐका. पूर्वी लग्न म्हटलं की पंगत, आणि पंगत म्हटली की चटई. आता खेड्यातसुद्धा बुफे. सोयऱ्यांना खाली बसवलं तर मानपान निघतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्या सोयऱ्यांचे गुडघे गेलेत. खुर्ची, खुर्चीला कव्हर, खाली हिरवं मॅट, वरमाईला सोफा. चटई उरली सप्ताहाला, भंडाऱ्याला, दशक्रियेला आणि पुढाऱ्यांच्या सभेला, तीही मागच्या रांगांपुरती. मग मागणी मी मारली की वधूपित्याने?

जी थोडी लागते ती मी हलकी घेतो. एक व्यापारी टेम्पो घेऊन दारात येतो, नगामागे तीस-पस्तीस रुपये कमी सांगतो. सप्ताहाची कमिटी पाच रुपयांवरून दुसरा मंडपवाला बघते, तर मी तीस रुपये कुठून सोडू? शिवाय त्या कारखान्याचा मालही शेवटी शेवटी पहिल्यासारखा राहिला नव्हता. कडेची पट्टी सुटायची. पट्टी सुटली की पोरासोरांच्या पायात अडकते, मग नळ्या एकेक करून निघतात आणि एका भंडाऱ्यात चटईची झालर होते. दोनदा फोन करून सांगितलं. पूर्वी त्यांचा माणूस यायचा, माल बघायचा, बदलून द्यायचा. तो माणूसच राहिला नव्हता.

मी माल घेत होतो, देणगी देत नव्हतो. तरी प्रश्न राहतोच. आपल्या भागातला कारखाना अडचणीत आहे हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. तिथे आपलीच पोरं कामाला होती. तरी आम्ही टेम्पोवाल्याकडून घेत राहिलो. माणसं कमी झाली, त्यात आमचा काही वाटा धरायचा की नाही? नुसतं "धंदा आहे" एवढं उत्तर नको.

केळीवाला_रावेर

धंदा आहे, हेच उत्तर आहे भो. आमची केळी कटाईला येतात तेव्हा बोर्डावर बऱ्हाणपूरचा भाव एक लागतो आणि बांधावर व्यापारी दुसराच देतो. माझ्याकडे कटाईला, वाहतुकीला माणसं असतात. भाव पडला की मीही माणसं कमी लावतो. त्याला कोणी कामगार कपात म्हणत नाही, पेपरात येत नाही. दिल्लीत केळी खाणाऱ्याने एक डझन कमी घेतली म्हणून त्याला माझ्या मजुराचा गुन्हेगार म्हणायचं का? तुम्ही उगाच मनाला लावून घेऊन राहिले.

जुना_मुनीम

मंडपवाले भाऊ, मी एमआयडीसीत एका कारखान्याचा हिशेब लिहिता लिहिता निवृत्त झालो. कशाचा कारखाना ते विचारू नका. वसुलीचे फोनही माझ्याकडेच होते, त्यामुळे गिऱ्हाईक ही जात मला आतून माहीत आहे.

तुम्ही माल सोडला, यात दोष काढायला जागा नाही. परवडला नाही, पट्टी सुटली, सांगून बदलून मिळाला नाही, सोडला. गिऱ्हाईक तुटलं की मालकाला दोन महिन्यांत कळतं. तो भाव बघतो, माल सुधारतो, नाहीतर दुसरं काही काढतो. त्याचं डोकं चालायला वेळ तरी मिळतो.

दोष आहे तो राहिलेल्या गिऱ्हाइकाचा. माल उचलतो, पुन्हा ऑर्डर देतो, दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतो आणि पैसे देत नाही. हे गिऱ्हाईक वहीत फार छान दिसतं. विक्री वाढलेली दिसते. कारखाना आतून वाळत चाललाय हे कळायला वर्ष जातं.

कसं ते सांगतो. चटई असो, पाइप असो, प्लास्टिकचा दाणा रोखीचा असतो. छोट्या कारखान्याला दाण्यावर उधारी मिळाली तरी थोड्या दिवसांची. माल बिलावर गेला की त्याचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. पार्टीने पैसे दिले का, हे सरकार विचारत नाही. म्हणजे जे पैसे आलेच नाहीत त्यांचा कर आपल्या खिशातून. विजेचं बिल थांबत नाही. पगार ७ तारखेच्या आत. हे सगळं चालतं बँकेच्या सीसीवर, म्हणजे माल आणि येणी तारण धरून मिळणाऱ्या उचलीवर, आणि सीसीची गंमत अशी की दर महिन्याला साठ्याचं आणि येणे रकमेचं पत्रक द्यावं लागतं. ९० दिवसांवर गेलेली येणी बँक साधारणपणे धरतच नाही. पार्टीने चौथा महिना लावला की ती रक्कम पत्रकातून बाद, आणि तेवढी आपली उचल कमी. पैसे तिकडे अडकले म्हणून इकडे बँकेनेही हात आखडला. एकाच फटक्यात दोन मार.

आकड्यात बघा. १० लाख रुपये सहा महिने अडकले, व्याज १२ टक्के धरा, ६० हजार रुपये गेले. पंधरा हजारांवरच्या हेल्परचा हा चार महिन्यांचा पगार. अशा आठ-दहा पार्ट्या असल्या की मालक खुर्चीत बसून यादी करायला लागतो की कोणावाचून चालेल. भाऊ, तुम्हाला माल दाखवून बदलून देणारा माणूस राहिला नव्हता म्हणता ना? पहिला तोच जातो. मग शिलाईवरची तपासणी जाते. मग पट्टी सुटते. मग तुमच्यासारखं चांगलं गिऱ्हाईक तुटतं. तुम्ही जो खराब माल पाहिला तो रोगाचा शेवट होता.

आणि फोन! "साहेब जेवायला गेलेत." सकाळी अकरा वाजता. "चेक तयार आहे, दुसरी सही राहिलीय." "कापूस घरात येऊ द्या." कापूस आला की "आखाजीला बघू", म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एका पार्टीने मला पुढच्या तारखेचा चेक दिला आणि वर सांगितलं, "मुनीमजी, मी सांगेपर्यंत बँकेत टाकू नका." तो चेक माझ्या टेबलाच्या काचेखाली तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत होता. त्या मुदतीत त्याच पार्टीच्या दारात नवी गाडी उभी राहिली, पेढे आम्हाला आले.

कायदा नाही असं नाही. लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. ऑनलाइन तक्रारीसाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल आलं. मी आयुष्यात एकदाही असं व्याज लावलेलं बिल पाठवलं नाही. पाठवलं असतं तर ती पार्टी गेली आणि तिच्या ओळखीच्या चार गेल्या. मग २०२३-२४ पासून आयकरातही आलं की लहान कारखान्याचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही. आम्हाला वाटलं आता सुटलो. एका मोठ्या खरेदीदाराने आमच्या ओळखीच्या कारखानदाराला सरळ सांगितलं, लहान उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर आमची ऑर्डर विसरा. आता बोला, गिऱ्हाइकाचा वाटा किती?

मालकाला मी सोडत नाही. चांगल्या वर्षी पैसा बाजूला न ठेवता जागा घेणारे मालक मी पाहिलेत, त्यांच्यावर वेगळं पुराण लिहिता येईल.

लूमवरचा

मी दुसऱ्या कारखान्यात आहे, अजून आहे. आमच्याकडेही मागच्या वर्षी कपात झाली. मुनीमसाहेबांचं बरोबर असेल, पण वरची गोष्ट आम्हाला दिसत नाही. आम्हाला एवढंच दिसतं की आधी कोण गेलं.

आधी ठेकेदाराकडची माणसं. त्यांना कमी केलं असं म्हणायचीही पद्धत नाही, "उद्यापासून येऊ नको" एवढंच. मग ज्यांचा कोणी वरचा ओळखीचा नाही ते. शेवटी एक-दोन जुने, कारण त्यांचा पगार जास्त. कायद्यात उलट आहे, शेवटी आलेला आधी जायला पाहिजे.

आणि एक महत्त्वाचं, मंडपवाले दादा, तुमच्या शेजाऱ्याला सांगा. आमच्याकडे काढताना लोकांकडून राजीनामा लिहून घेतला. "स्वखुशीने" असं. मग कपात झालीच नाही, माणूस आपणहून गेला. वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावी लागते. राजीनामा लिहिला की भरपाई बुडाली. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी पाच वर्षं भरलेल्याला मिळते. कपातीला सरकारची परवानगी वगैरे आम्हाला लागूच नाही. ती अट आधी १०० कामगारांपासून होती, २०२५ च्या नोव्हेंबरात नवी कामगार संहिता लागू झाली तेव्हा ३०० वर गेली. आमच्या शेडमध्ये तेवढी माणसं कधीच नव्हती.

गिऱ्हाइकावर माझा राग नाही. गिऱ्हाईक मी पाहिलेलंच नाही. माल ट्रकमध्ये भरून देतो, पुढे कुठे जातो देव जाणे.

अमळनेरची_लेक

आमच्या गावाचं उदाहरण देते, सगळ्यांना अर्धंच माहीत असतं. विप्रो म्हटलं की लोकांना बंगलोर आठवतं. सुरुवात अमळनेरची, १९४५ ची, वनस्पती तुपाची. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तेव्हाचं नाव. सोबत ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. पुढे वनस्पती तूप लोकांच्या स्वयंपाकघरातून जवळजवळ हद्दपार झालं. आधी रिफाइंड तेल आलं, मग डॉक्टरांनी डालडाचं नाव काढलं की घाबरवायला सुरुवात केली. आमच्या आजीनेही सोडलं. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, पण तोवर कंपनी साबणात होती, पुढे कॉम्प्युटरमध्ये गेली.

त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. जळगावला खान्देश मिल होती. तिथे भोंग्यावर गाव उठायचं, आता भोंगा नाही. कापड नेसणं काही लोकांनी सोडलं नव्हतं. माझ्या दृष्टीने गिऱ्हाईक हललं की कंपनी मरते हे कारण म्हणून पुरत नाही. गिऱ्हाईक हलणारच. प्रश्न हा की ते हलताना कारखान्यात कोणी खिडकीबाहेर बघत होतं का.

मुनीमकाकांचा मुद्दा मात्र मला नवा होता. आम्ही घरात चर्चा केली. आमचे हे बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात आहेत, ते नुसते हसले.

भुसावळ_जंक्शन

बीएसएनएलचं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. २०१९ च्या शेवटी स्वेच्छानिवृत्ती आली आणि ७८ हजारांवर माणसं ३१ जानेवारी २०२० ला एका दिवशी घरी गेली. आमच्या सोसायटीत त्यातले दोघे. लोक तोंडावर म्हणायचे, तुमची सर्व्हिस वाईट म्हणून आम्ही सोडलं. बाकीच्या कंपन्या फोरजी विकत होत्या आणि यांना फोरजीचे स्पेक्ट्रम द्यायचं ठरलं २०१९ च्या ऑक्टोबरात. गिऱ्हाईक पळालं हे खरं, पण त्याला धरून ठेवायला हातात काही दिलंच नव्हतं. त्या दोघांपैकी एकाच्या घरी त्याच्याच मुलाने आधी दुसरं सिम घेतलं होतं. बापाने अडवलं नाही. अडवून काय करणार, रेंजच नव्हती.

मंडपवाला_एरंडोल

सगळे वाचले. मुनीमसाहेब, तुमचं बोलणं पटतंय, पण एक बाजू राहिली. तुमचा ४५ दिवसांचा कायदा माझ्यापर्यंत येऊन संपतो. मी कारखान्याला ४५ दिवसांत द्यायचे. मला कोण देतं? सप्ताहाची कमिटी वर्गणी गोळा झाली की देते, आणि वर्गणी कापसावर. वधूपिता लग्नात सगळ्यांचे देतो, केटरिंगवाल्याचे, बँडवाल्याचे, मंडपवाला गावातलाच म्हणून शेवटी. पुढाऱ्याच्या सभेचं बिल निवडणूक जिंकला तर विसरतो, हरला तर मागायची सोय नाही. आखाजीला सालदाराचा हिशेब होतो, त्यातून उरलं तर शेतकरी माझ्याकडे बघतो. मी कारखान्याचे कधी थकवले नाहीत, पण त्यासाठी दोनदा घरातलं सोनं जळगावच्या सराफ्यात गेलंय. प्रत्येक मंडपवाल्याकडे सोनं नसतं. मग तो मुनीमजींना फोनवर सांगतो, साहेब जेवायला गेलेत.

जुना_मुनीम

मान्य. तुमच्यासारख्याची उधारी मला फोनवरूनही ओळखू यायची. आवाज पडलेला असायचा, आणि तो माणूस दहा-पाच हजार का होईना, पाठवायचा. त्यांच्यामुळे कोणी कारखाना बुडाला नाही. बुडवणारे वेगळे. त्यांच्याकडे पैसे असतात, आणि ते थकवतात कारण आपल्या पैशावर बिनव्याजी धंदा होतो. बँकेकडून घ्यावं लागलं असतं ते आमच्याकडून घेतात. त्यावर कळस म्हणजे आमच्या बिलावरचा जीएसटी पहिल्याच महिन्यात स्वतःच्या करातून वजा करून घेतात. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ती वजावट व्याजासकट परत करायची असा नियम आहे, म्हणून काही हुशार पार्ट्या बरोबर एकशे पंचाहत्तराव्या दिवशी फोन उचलतात. हसू नका, खरं आहे.

म्हणून गिऱ्हाईक म्हणून सगळ्यांना एका ओळीत उभं करू नका एवढंच माझं म्हणणं. तुमच्या वहिनींना हेही सांगा की ज्यांनी माल सोडला त्यांच्यापेक्षा ज्यांनी माल उचलला त्यांची चौकशी करा.

मंडपवाला_एरंडोल

वहिनींना येणी-देणी काय सांगू, त्यांना किराणावाला तगादा लावून राहिला. लूमवरच्या भाऊंनी सांगितलं ते काल शेजाऱ्याला विचारलं. राजीनामा लिहिलेला नाही, पण हिशेबाच्या कागदावर सही घेतलीय आणि त्याची प्रत दिलेली नाही. त्याचं नाव कंपनीच्या मस्टरवर आहे, ठेकेदाराच्या नाही. फंड (पीएफ) कापला जायचा, ईएसआयही (कामगार विमा). आता काय करायचं?

लूमवरचा

मस्टरवर नाव आहे म्हणजे बरंच सोपं. आधी कंपनीला साध्या कागदावर अर्ज द्या, हिशेबाची प्रत आणि सेवेचा दाखला मागा, पोच घ्या. तोंडी मागू नका. नऊ वर्षं झालीत, तर ग्रॅच्युइटी धरली आहे का बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५ हजार असतील तर त्या १५ हजारांना १५ भागिले २६ गुणिले ९, साधारण ७८ हजार होतात. भरपाई त्याहून वेगळी. सहीच्या कागदात दोन्ही एकत्र दाखवून एकच रक्कम लिहिली असेल तर लगेच कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जा, जळगावला आहे.

फंड घाईने सगळा काढू नका, दुसरीकडे लागला तर तोच नंबर चालतो.

ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकदा. आमच्याकडच्या पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. आधार, बँक खातं आणि ईएसआयचा नंबर जोडलेला पाहिजे.

मंडपवाला_एरंडोल

ईएसआयचा नंबर कुठे असतो? त्याच्याकडे कार्ड सापडत नाही.

लूमवरचा

पगाराच्या स्लिपवर. दहा आकडी असतो. स्लिप नसेल तर फोनवर जुने मेसेज शोधायला सांगा, नाहीतर आधार घेऊन ईएसआयच्या ऑफिसात गेला तर तिथे काढून देतात. सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.